आधी टोन कुणी द्यायचा

“आधी त्यांच्या साहेबाला लाइनवर यायला सांगा,” नेवे साहेब म्हणाले. “आला की त्याने नमस्कार म्हणायचा. मग आपण टोन देऊ.”

मी रिसीव्हरवर तळहात दाबून उभी. पलीकडे हिवरखेड्याच्या ऑफिसातला भालके कारकून बोंबलत होता, “टोन द्या! गव्हाणे बाई, ऐकू येतंय का? अहो, टोन द्या!”

“साहेब, तो टोन मागतोय.”

“मागू दे.”

“माझ्या बदलीचा कागद आहे साहेब.”

“ठाऊक आहे मला. म्हणूनच म्हणतो, रीतसर येऊ दे.”

खात्याचं नाव मी सांगणार नाही. पेन्शन अजून चालू आहे आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट आहे एवढं पुरे. खानदेशातल्या पिंपळदऱ्याला आमचं ऑफिस होतं, सहा टेबलं आणि एक फॅक्स मशीन. आता फॅक्स म्हणजे काय हेही सांगावं लागतं. माझ्या नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे प्रिंटरला फोन करायचा?” तसंच म्हणा.

लाइन एकच असायची. बोलायचं त्याच लाइनवर, कागद यायचा त्याच लाइनवर. पाठवणारा आधी फोन करायचा आणि म्हणायचा, फॅक्स आहे, टोन द्या. घेणाऱ्याने आपल्या मशीनचं स्टार्ट दाबलं की पलीकडे कानात खिळा ठोकावा तशी शिटी जायची. तो टोन. तो ऐकला की पाठवणारा आपलं स्टार्ट दाबायचा आणि कागद सुटायचा. टोन गेला की माणसांचं बोलणं बंद, पुढे मशीन मशीनशी बोलणार. फॅक्सची सगळी भाषा एवढीच. टोन द्या, स्टार्ट दाबा, कागद अडकला, अर्धाच आला, पुन्हा पाठवा. एवढं आलं की माणूस पारंगत.

म्हणजे घेणाऱ्याने आधी बटण दाबायचं, हे यंत्र बनवणाऱ्यानेच ठरवून ठेवलेलं होतं. पण तो कुठला तरी परदेशातला माणूस. त्याला काय माहीत, आमचे नेवे साहेब आणि हिवरखेड्याचे येवले साहेब एकमेकांचे सख्खे साडू आहेत, आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत!

भांडणाचं कारण ऐकलं तर तुम्ही हसाल. त्यांच्या मेहुण्याच्या लग्नात जावयांचा मानपान झाला. नेवे साहेब थोरले जावई, येवले धाकटे. गर्दीत सासऱ्याने शाल-नारळ आधी धाकट्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याला मोतीबिंदू होता हो, समोर जो दिसला त्याला दिला. पण थोरले पंगतीतून उठले. धाकट्याने शाल परत करून दादांना द्यायची, तर तो खांद्यावर टाकून फोटो काढत बसला. झालं. त्या दिवसापासून एक म्हणतो आधी त्याने बोलावं, दुसरा म्हणतो आधी त्याने. मध्ये सासू वारली, तर दहाव्याला एक जण बायकोला सकाळी घेऊन गेला आणि दुसरा दुपारी, समोरासमोर यायला नको म्हणून.

आणि नशीब माझं असं, की मी एका साडूच्या ऑफिसातून दुसऱ्याच्या ऑफिसात जाणार होते.

माझं घर हिवरखेड्याला. नवरा तिथे मास्तर, सासूबाई तिथे, आणि माझी लेक मैना तिथे. साडेतीन वर्षांची. दीड वर्षाची होती तेव्हा मला पिंपळदऱ्याला टाकलं. एक शनिवार सोडून मी दोन एसट्या बदलून जायची. लेकरू पाव्हणी आल्यासारखं माझ्याकडे बघायचं, आणि जरा कुठं अंगाला लागलं की माझी परतीची गाडी यायची. दोन वर्षं अर्ज करून करून शेवटी हिवरखेड्याची एक जागा रिकामी झाली, वरून आदेश निघाला. आदेश हिवरखेड्याच्या ऑफिसात आला होता, तिथून आमच्याकडे फॅक्सने यायचा होता आणि त्यावर नेवे साहेबांनी मला कार्यमुक्त करायचं होतं. एक सही. बाकी काही नाही.

पण घोडं पेंड कुठं खात होतं बघा. त्याच दुपारी दिल्लीत निवडणुकीच्या तारखा जाहीर होणार होत्या. तारखा जाहीर झाल्या की आचारसंहिता, आणि आचारसंहिता लागली की बदल्या बंद. माझ्यासारख्या आवक-जावक कारकुनाच्या बदलीने कुठल्या पक्षाचं काय वाकडं होणार होतं, देवाला ठाऊक. पण बंद म्हणजे बंद. निवडणूक होईस्तोवर अडीच-तीन महिने, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी घशात गेलीच असती. पोस्टाने कागद यायला चार दिवस. तेव्हा काय तो फॅक्स, आणि आत्ताच.

बाहेर स्टुलावर आमचे शिपाई सुपडू नाना रेडिओ कानाला लावून बसले होते. तारखा सांगितल्या की मला आत सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. तूर्त रेडिओवर भेंडीवरच्या किडीचं भाषण चालू होतं.

“भालके,” मी फोनमध्ये म्हटलं, “आमचे साहेब म्हणतात, तुमच्या साहेबांनी लाइनवर येऊन नमस्कार म्हणावा.”

भालके गेला. आला. “येवले साहेब म्हणतात, टोन आल्यावर म्हणतो नमस्कार.”

“अहो, टोन आल्यावर नमस्कार ऐकू कसा येईल?”

“तेच मी म्हटलं बाई. तर म्हणाले, त्याला ऐकू जाईल असा नमस्कार मला म्हणायचाच नाही.”

हे मी साहेबांना कसं सांगणार? बटण स्वतः दाबावं, तर तेही नाही. मशीन आलं तेव्हा साहेबांनी त्याच्यापुढे नारळ फोडला होता आणि सुताराकडून काचेची पेटी करून घेतली होती. पेटीला कुलूप. चावी साहेबांच्या पट्ट्याला साखळीने लटकवलेली. फोन तेवढा पेटीच्या बाहेर. कागद आला तर पेटीतच पडायचा आणि आम्ही काचेतून बघायचो, संग्रहालयात आल्यासारखे.

मी थाप मारली. “साहेब, म्हणाले ते नमस्कार.”

“कसे म्हणाले?”

“नमस्कार. असंच.”

“‘दादा’ म्हणाला का?”

“म्हणाले की. नमस्कार दादा, असं.”

साहेबांनी चष्मा काढला. “गव्हाणे बाई, तो मेला तरी मला दादा म्हणायचा नाही. तुम्ही खोटं बोलताय.”

“बरं साहेब, मी बसस्टँडवरच्या एसटीडीवाल्याकडे मागवते फॅक्स. पळत जाते, पळत येते.”

“खाजगी मशीनवर आलेला शासकीय कागद मी मानणार नाही.”

“मग मी काय करू साहेब?”

“तुम्ही काही करू नका. हा तुमचा प्रश्नच नाही,” साहेब म्हणाले. बघा! माझी बदली, माझं लेकरू, आणि प्रश्न माझा नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरीचं मरण होतं.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नव्हतं. माझी रजा त्यांनी कधी अडवली नाही. मला ताप आला तेव्हा घरून भाकरी पाठवली. पण हिवरखेडा म्हटलं की त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

मी भालकेला म्हटलं, “दादा, तुमच्या पाया पडते, लाइन कापू नका. तशीच धरून ठेवा.” रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि बाहेर आले. डोळे भरून आले होते, ते साहेबांना दाखवायचे नव्हते.

“झालं का बाई?” सुपडू नानांनी विचारलं.

“कसलं झालं! शाल आडवी आलीय.”

नानांना सगळं माहीत होतं. त्यांनी रेडिओ कानावरून काढला नाही. “वहिनीले बोलवा,” म्हणाले. “या माणसाचं बटण तिकडे आहे.”

साहेबांचं क्वार्टर ऑफिसच्या मागेच. मी धावत गेले. नेवे वहिनी, प्रमिला वहिनी, अंगणात बाजेवर बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, थापत होत्या. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाने हात कोपरापर्यंत पांढरे.

“वहिनी, चला. साहेब टोन देईनात.”

“काय देईनात?”

“टोन हो, फॅक्सचा. हिवरखेड्याहून माझा कागद यायचाय आणि साहेब बटण दाबत नाहीत.”

वहिनींचा हात थांबला. “हिवरखेड्याहून? फोन चालू आहे तिकडचा?”

“चालूच आहे. टेबलावर ठेवून आलेय.”

“छबूच्या हिवरखेड्याचा?”

“हो.”

छबूताई म्हणजे येवले साहेबांची बायको, वहिनींची धाकटी बहीण. वहिनींनी पुढे काही विचारलं नाही. हातही धुतले नाहीत. पदर मनगटाने डोक्यावर ओढला आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. मला मागून पळावं लागलं.

त्या थेट केबिनमध्ये शिरल्या. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “प्रमिला, हे ऑफिस आहे.”

“मग तुम्ही काम करा की,” वहिनी म्हणाल्या आणि पिठाच्या हाताने रिसीव्हर उचलला. “हॅलो, कोण? भालके? भाऊ, छबूताईला बोलवा. तुमच्या साहेबाच्या घरून. हो, आत्ता. मी तिची ताई बोलते.”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला चिकटले. फोन बायकोच्या हातातून ओढून घ्यावा, तर दारात सगळा स्टाफ जमलेला. ते बसले, आणि समोरची एक फाइल उघडून उलटी वाचायला लागले.

भालके तिकडे पळत गेला असावा, कारण वहिनी बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला.

“छबे?”

पुढे काहीच नाही. सरकारी पैशाने दोन गावांमधली लाइन गप्प चालू होती.

“तुझा आवाज जाड झाला गं,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “सर्दी आहे का रडतेस?... मी कुठं रडते! बिबड्या करत होते, वाफेने झालं असेल... हो, ज्वारीच्याच. तीळ घालून... नाही गं, आईसारख्या नाही जमत. तिच्या पातळ व्हायच्या.”

मी घड्याळाकडे बघितलं. बाहेरून नाना ओरडले, “बाई, भेंडीवरचा मावा झाला. आता तुडतुडे आहेत!”

म्हणजे अजून थोडा वेळ होता.

“गुडघे कसे आहेत तुझे? आणि पोराचं शाळेचं?... अगं माय! एवढा मोठा झाला? मी बघितला तेव्हा नाकातला शेंबूड पुसता येत नव्हता त्याला... हो का? ते दात काढले का तू? काढून टाक बाई, दुखणं बाळगू नये.”

बिबड्या झाल्या, गुडघे झाले, दात झाले. मी तोंड उघडायची आणि मिटायची. खरं सांगते, मला त्या दोघींचा संताप आला. तिकडे माझ्या जन्माचा फैसला होतोय आणि या दातांवर बोलतायत! आणि संताप आला म्हणून लाजही वाटली, कारण वहिनींनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, भरलेली कळशी धरतात तसा.

“छबे, एक विचारू?” वहिनींचा आवाज खाली आला. “आईच्या दहाव्याला तू दुपारी आलीस ना? मी सकाळीच निघाले होते, मला आणलं ओढून. मी तुझ्यासाठी स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलं होतं. फळीवर, मांजरापासून वर. मिळालं का तुला?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. वहिनी खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर, फोनची वायर ताणून.

“खाल्लंस ना पण? सगळं?... बरं. बरं केलंस.”

साहेबांच्या फाइलचं पान किती तरी वेळ उलटलं नव्हतं.

“बाई!” नाना दारात आले, रेडिओ छातीशी धरून. “भेंडी संपली! आता दिल्ली!”

मग मात्र माझा बांध फुटला. “वहिनी,” मी म्हटलं, “वहिनी, माझं लेकरू आहे तिथं. साडेतीन वर्षांचं. आत्ता कागद नाही आला तर पुन्हा येणार नाही. दोन वर्षं मी...” एवढ्या लोकांत मी पदर तोंडावर घेऊन हुंदके देत राहिले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “ही एवढ्यासाठी मला बोलवायला आली होती? आणि तुम्ही हिचा टोन अडवून बसला होता?”

“अगं, प्रश्न तत्त्वाचा आहे. शाल...”

“शाल कसरीने खाल्ली असेल त्याची एव्हाना! चावी द्या.”

साहेबांनी साखळी सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना, पट्टाच सुटला. शेवटी ते साखळीसकट, पट्ट्यासकट पेटीपाशी गेले, वाकून कुलूप उघडलं आणि पॅन्ट एका हाताने धरून उभे राहिले. स्टाफातलं कुणी हसलं नाही. मी हसले असते, पण मी रडत होते.

आता वाटलं, सुटलो. कुठलं सुटतोय! पलीकडे छबूताईंनीही नवऱ्याला खडसावलं असणार, कारण वहिनींनी एकदम रिसीव्हर साहेबांपुढे धरला. “घ्या. म्हणतोय तो. ऐका.”

साहेबांनी फोन कानाला लावला. एवढ्या मोठ्याने आवाज आला की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “नमस्कार, दादा!”

नेवे साहेबांचा चेहरा असा विरघळला की काय सांगू. सहा वर्षं आवळून धरलेली मूठ सुटली. “नमस्कार, नमस्कार, येवले! प्रकृती बरी ना? हां, हां. ते फॅक्सचं आहे ना? द्या, तुम्ही स्टार्ट द्या.”

“छे छे, दादा, आधी तुम्ही. थोरले तुम्ही.”

“नाही हो. कागद तुमचा, मान तुमचा.”

“असं कसं, दादा! एकदा चूक झाली, पुन्हा नाही होणार. आधी तुम्ही दाबा.”

“अहो, माझ्या मनात तसं काही नव्हतंच. तुम्ही दाबा. मी म्हणतो ना.”

“दादा, मला लाजवू नका.”

आधी दोघं दाबत नव्हते भांडणापायी, आता दोघं दाबत नव्हते प्रेमापायी. बाहेरून नाना किंचाळले, “राज्यांची नावं सांगून राह्यले बाई! आपलं यायचं आहे!”

“साहेब!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा साहेबावर ओरडले. “यंत्राला मानपान कळत नाही हो! घेणाऱ्याने आधी दाबायचं असतं! दाबा नाहीतर मी दाबते!”

साहेब दचकले. वहिनींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. “त्यांना बाजूला कर, छबे, तू घे फोन,” म्हणाल्या. मग मला विचारलं, “कुठलं गं बटण?”

“ते हिरवं. स्टार्ट.”

त्यांनी पिठाचं बोट बटणावर नेलं आणि तिथेच ठेवलं. “हे दाबलं की हिचं बोलणं बंद होईल?”

मी मान हलवली. हो.

वहिनींनी बोट उचललं नाही, दाबलंही नाही. “छबे, मी बटण दाबलं की तू बंद होशील म्हणे.” मग ऐकत राहिल्या. “हो गं. तुमच्या गावात हिचं लेकरू आहे, लहान आहे.” पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ती म्हणते, ताई, दाब.”

आणि दाबलं.

पलीकडच्या मशीननेही शिटीनेच उत्तर दिलं. ती शिटी! एरवी टोन आला की आम्ही फोन कानापासून हातभर लांब धरायचो. वहिनींनी रिसीव्हर कानाला तसाच लावून ठेवला. पेटीत कागद खरखरत बाहेर यायला लागला, आमच्या खात्याचं बोधचिन्ह आलं, विषय आला, माझं नाव आलं. मी एकेक ओळ निघताना बघत होते आणि वहिनी डोळे मिटून ती कर्कश शिटी ऐकत होत्या, बहिणीकडून आलेली म्हणून. कागद पूर्ण आल्यावर लाइन कापली गेली, तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला.

“लागली,” नाना दारात येऊन म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बसला होता. “आचारसंहिता लागली बाई. मघाशीच लागली.”

आला कागद, पण वरातीमागून घोडं. साहेबांनी फॅक्स हातात घेतला, चष्मा लावला, आणि वरून खाली वाचला. मग पुन्हा अगदी वरच्या काठावरची बारीक ओळ वाचली. पाठवणाऱ्या मशीनची तारीख आणि वेळ तिथे आपोआप छापून येते.

“गव्हाणे बाई, हिवरखेड्याच्या मशीनची तारीख कुणी लावलेली दिसत नाही,” साहेब म्हणाले.

“काय झालं साहेब?”

“या कागदाप्रमाणे हा फॅक्स सुटला एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला.”

१९८० साली मी शाळेत होते. दोन वेण्या घालून.

“म्हणजे रद्द का साहेब?”

“रद्द कसा? आचारसंहितेच्या किती तरी आधी आलाय. रेडिओवर काय सांगतात ते मला माहीत नाही, मी ऐकला नाही. शासकीय मशीनवर छापून आलंय, त्यावर माझा विश्वास आहे.” त्यांनी पेन काढलं. सही करताना हात पॅन्टवरून सुटला, पण वहिनींनी मागून पट्टा धरला. “कार्यमुक्त” असा शिक्का मारून त्यांनी कागद माझ्यापुढे केला. “जा. आणि तिकडे गेल्यावर येवल्यांना सांगा, मशीनची तारीख लावू नका म्हणावं.”

मी त्यांच्या पाया पडले आणि वहिनींच्याही. वहिनी म्हणाल्या, “उठ गं बाई, माझ्या हाताला पीठ आहे.” माझ्या पाठीवर तरीही हात ठेवलाच. पाच बोटं उमटलेली ती साडी मी दोनदा धुतली तेव्हा निघाली.

नंतर कळलं, दोन्ही ऑफिसांत दर मंगळवारी दुपारी “फॅक्स मशीनची तांत्रिक तपासणी” सुरू झाली. अर्धा तास लाइन कुणाला मिळायची नाही. येवले साहेबांनी तसा लेखी आदेशच काढला, आणि नेवे साहेबांनी त्याची पोच दिली. तपासणीला दोन्हीकडे दोन्ही बहिणी हजर असायच्या.

मी दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन घरी पोचले. मैना ओट्यावर उभी होती, फ्रॉकचं टोक तोंडात. मी आले की ती जवळ यायच्या आधी एकच प्रश्न विचारायची. त्या दिवशीही विचारला.

“तू परत कधी जाणार?”

“नाही जाणार आता,” मी म्हटलं. “आता मी इथेच राहणार, तुझ्याजवळ.”

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. तोंडातलं फ्रॉकचं टोक तेवढं बाहेर काढलं आणि आत निघून गेली.

सोमवारी सकाळी हजर व्हायला निघाले तर दारात माझ्या चपला नाहीत. सगळं घर शोधलं. बाजेखाली, न्हाणीत, परसात, विहिरीत डोकावून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, कुत्र्याने नेल्या. मास्तरांनी मैनेकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

“कुठे ठेवल्या आईच्या चपला?”

पोर ओठ घट्ट मिटून भिंतीला लागून उभी.

“मैना, सांग लवकर. मार खाशील.”

“राहू द्या,” मी म्हटलं. आणि नव्या ऑफिसात सासूबाईंच्या, बोटभर मोठ्या चपला फटक फटक वाजवत जाऊन येवले साहेबांपुढे उभी राहिले.

नव्या चपला मी घेतल्या नाहीत. रोज संध्याकाळी मी परत यायची, ती ओट्यावर असायची. मध्ये पावसाळा आला, गेला. मग एका सकाळी मी पदर खोचून निघाले, तर उंबऱ्यापाशी माझ्या जुन्या चपला जोडीने ठेवलेल्या. ओल्या फडक्याने पुसलेल्या. आणि शेजारी ती उकिडवी बसलेली.

“घाल,” म्हणाली. “ऑफिसला जा.”